वाचकांचे प्रश्न : प्रतिमांच्या आधाराने होणारी शस्त्रक्रिया आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी

मागील अंकात लहान छिद्रांतून होणाऱ्या शस्त्रक्रियांवर एक लेख प्रसिद्ध झाला होता. सीटी, एमआरआय आणि सोनोग्राफी यांच्या प्रतिमा सर्जनला शरीराच्या आत वाट कशी दाखवतात आणि त्या तंत्रात सुधारणा करण्याचे काम बहुतांशी अभियंत्यांच्या वाट्याला का येते, हे त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावांची नावे दिली आहेत.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीनंतर जीवशास्त्राशी संबंध सुटला. या क्षेत्रात काम करायचे असेल तर मला वैद्यकशास्त्र शिकावे लागेल का? आणि तिथे माझ्या विषयाचे नेमके काम कोणते? (सांगली)

उत्तर : कामाचे स्वरूप कळले की काय शिकायचे हे ठरवणे सोपे जाते, म्हणून आधी काम सांगतो. पोट किंवा कवटी मोठी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत सर्जनला अवयव थेट दिसतो आणि त्याचा कठीणपणा किंवा मऊपणा बोटांना कळतो. एक सेंटिमीटरच्या छिद्रातून किंवा नुसत्या सुईने काम करताना ही दोन्ही साधने बरीचशी गमवावी लागतात. रुग्णाचा त्रास कमी होतो आणि तो लवकर घरी जातो, पण त्या बदल्यात सर्जनला मिळणारी माहिती घटते. ती प्रतिमांमधून परत मिळवून देणे हे अभियंत्याचे काम आहे.

यातली मुख्य अडचण अशी की प्रत्येक साधन आपापल्या निर्देशांक पद्धतीत मोजमाप करते. दोन दिवसांपूर्वीच्या सीटी स्कॅनमध्ये दिसलेल्या गाठीचे स्थान स्कॅनरच्या अक्षांवर मोजलेले असते. आज टेबलावर झोपलेला रुग्ण त्या अक्षांपासून हललेला असतो. सर्जनच्या हातातील उपकरणाची जागा थिएटरमधला अवरक्त कॅमेरा त्याच्या स्वतःच्या अक्षांवर सांगतो, आणि दुर्बिणीतून पडद्यावर येणाऱ्या दृश्याचे अक्ष आणखी वेगळे असतात. हे सारे एकमेकांशी जोडल्याशिवाय सुईचे टोक गाठीपासून किती दूर आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ही जोडणी म्हणजे तुम्ही पहिल्या वर्षी शिकलेला मॅट्रिक्सचा गुणाकार आहे. मात्र साखळीतील प्रत्येक जोडणीत थोडी चूक असते, आणि या चुका शेवटी सुईच्या टोकाशी एकत्र येतात.

हा प्रश्न जुना आहे. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी प्राण्यांच्या मेंदूत ठरलेल्या जागी पोचण्यासाठी डोक्याला घट्ट बसणारा धातूचा सांगाडा तयार केला आणि 1908 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. स्पीगल आणि वायसिस यांनी 1947 मध्ये फिलाडेल्फियात ती कल्पना माणसासाठी वापरली. पुढे 1986 मध्ये डेव्हिड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डार्टमथ येथे सांगाड्याशिवाय, केवळ गणिताने, सीटीतील माहिती शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाशी जोडून दाखवली. तेव्हापासून या क्षेत्राला रेषीय बीजगणित, संभाव्यताशास्त्र, लघुतम वर्ग पद्धत (लीस्ट स्क्वेअर्स), प्रतिमासंस्करण आणि उत्तम प्रोग्रामिंग येणाऱ्या माणसांची सतत गरज राहिली आहे.

संपूर्ण वैद्यकशास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही. परंतु कोणतीही एक शस्त्रक्रिया पहिल्या चिऱ्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत समजून घ्या. पाठीच्या मणक्यात स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया यासाठी चांगली आहे. स्क्रू ज्या हाडाच्या अरुंद खांबातून जातो, त्याची रुंदी छातीच्या मधल्या मणक्यांत काही मिलिमीटरच असते. आतल्या बाजूला मज्जारज्जू असतो आणि समोर मोठ्या रक्तवाहिन्या असतात. एवढे कळले की दोन मिलिमीटरची चूक आणि पाच अंशांची चूक यांपैकी कोणती कुठे घातक ठरेल, हे तुमचे तुम्हालाच मांडता येते. अनेक अवयवांची वरवरची ओळख करून घेण्यापेक्षा या एका अभ्यासातून अधिक हाती लागते.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात या विषयावर एक ऐच्छिक अभ्यासक्रम सुरू करण्याचा विचार आहे. शस्त्रक्रियेत वापरली जाणारी ट्रॅकिंग यंत्रणा, म्हणजे उपकरण कुठे आहे हे सतत सांगणारी यंत्रणा, विकत घेण्याइतका निधी नाही. सुरुवात कुठून करावी आणि कोणते प्रयोग ठेवावेत? (रत्नागिरी)

उत्तर : ज्या अभ्यासक्रमाची रचना मला सर्वांत विचारपूर्वक वाटते, तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रसेल टेलर यांनी उभा केला. त्याआधी आयबीएममध्ये असताना त्यांनी रोबोडॉक या यंत्रमानवावर काम केले होते. खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेत मांडीचे हाड आतून कोरण्यासाठी तो 1992 मध्ये प्रथम माणसावर वापरला गेला. संगणकाशी जोडलेल्या शस्त्रक्रियेच्या संशोधनासाठी 1998 मध्ये हॉपकिन्सला अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे केंद्र मिळाले, आणि शिक्षण व संशोधन एकाच छताखाली आले. तेथील पहिल्या सत्रात विद्यार्थी यंत्रमानवाला हात लावण्याआधी मूलभूत गणित स्वतः लिहितात. उपकरणाच्या टोकाची जागा शोधणे, बिंदूंचे दोन संच एकमेकांवर बसवणे, विद्युतचुंबकीय ट्रॅकरमधील विकृती दुरुस्त करणे आणि हाडाच्या पृष्ठभागावर टेकवलेले बिंदू त्याच्या त्रिमितीय प्रतिरूपाशी जुळवणे, अशा क्रमाने प्रोग्राम लिहून घेतले जातात. प्रत्यक्ष प्रकल्प दुसऱ्या सत्रात येतो. हा क्रम तुम्ही बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे पहिल्याच महिन्यात प्रकल्पाचे नाव ठरते आणि गणित शेवटपर्यंत तयार सॉफ्टवेअरच्या आत दडलेले राहते.

निधीची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. स्पेनमधील कोर्दोबा विद्यापीठात विकसित झालेल्या आरुको पद्धतीच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा कागदावर छापून साध्या वेबकॅमने त्यांचे स्थान ओळखता येते, आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम ओपनसीव्ही या प्रतिमासंस्करणाच्या सॉफ्टवेअर-संचात मोफत मिळतो. प्रतिमा पाहण्यासाठी आणि जुळवण्यासाठी थ्रीडी स्लायसर आहे. बोस्टनमधील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालय आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. कॅनडातील किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातील प्रयोगशाळेने स्लायसर-आयजीटी हा त्याचा विस्तार आणि ट्रॅकर जोडण्यासाठी प्लस हे साधन तयार केले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे सायकिट-सर्जरी हे पायथन भाषेतील तयार प्रोग्रामांचे ग्रंथालय तर अध्यापन डोळ्यांसमोर ठेवूनच लहान लहान भागांत विभागलेले आहे.

पहिला प्रयोग टोक शोधण्याचा ठेवा. लाकडी किंवा धातूच्या काडीच्या एका टोकाला छापील खूण लावा, दुसरे टोक ठोकळ्यावरच्या लहान खळग्यात टेकवा आणि काडी टोकाभोवती सर्व दिशांना फिरवा. टोक स्थिर आहे आणि खूण फिरते आहे, एवढ्या माहितीवरून टोकाचे स्थान लघुतम वर्ग पद्धतीने काढता येते. त्यानंतर त्याच काडीची लांबी बदलून प्रयोग पुन्हा करायला लावा. खुणेची दिशा मोजण्यात अर्ध्या अंशाची चूक असेल आणि टोक 200 मिलिमीटर दूर असेल, तर टोकाशी ती चूक सुमारे 1.7 मिलिमीटर होते. लांब उपकरणाने हे का होते, ते विद्यार्थ्याने स्वतःच्या आकड्यांत पाहिले पाहिजे. एका कॅमेऱ्याला अंतराची खोली आडव्या-उभ्या स्थानापेक्षा बरीच वाईट कळते, हेही याच प्रयोगात दिसते. महागडा ट्रॅकर घेतल्यावर ही चूक लहान होते आणि विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते, म्हणून स्वस्त कॅमेरा शिकवण्यासाठी अधिक उपयोगी आहे असे माझे मत आहे.

दुसरा प्रयोग बिंदू जुळवण्याचा, आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचा गाभा तोच आहे. मुलांच्या खेळण्यातील लेगोचे ठोकळे घ्या. त्यांच्यावरील शेजारच्या दोन गोल उंचवट्यांतील अंतर 8 मिलिमीटर असते आणि ते फार काटेकोर असते, त्यामुळे सीटी न काढताही प्रतिरूपाची मापे माहीत असतात. काही उंचवट्यांवर काडीचे टोक टेकवून त्यांची स्थाने मोजायची, ती प्रतिरूपातील स्थानांशी जुळवायची आणि मग न वापरलेल्या एखाद्या उंचवट्याची जागा संगणक किती अचूक सांगतो ते तपासायचे. जुळवणी झाल्यावर, ज्या उंचवट्यांवरून ती केली त्या खुणांच्या जागी जी सरासरी तफावत उरते, तो आकडा संगणक पडद्यावर दाखवतो. विद्यार्थी, आणि पुष्कळदा डॉक्टरही, तोच आकडा शस्त्रक्रियेच्या जागची चूक समजतात. ही समजूत धोकादायक आहे.

व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मायकेल फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये यामागचे गणित मांडले. ते एका उदाहरणाने सांगतो. 60 मिलिमीटर बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा आहेत, प्रत्येक खूण टिपण्यात सरासरी 1 मिलिमीटर चूक होते आणि लक्ष्य चौरसाच्या मध्याखाली 100 मिलिमीटर खोल आहे असे समजा. पडद्यावर अपेक्षित तफावत सुमारे 0.7 मिलिमीटर दिसेल. लक्ष्याच्या जागी अपेक्षित चूक मात्र सुमारे 1.45 मिलिमीटर असेल. आता खुणा 120 मिलिमीटरच्या चौरसावर पसरवा. पडद्यावरचा आकडा 0.7 च राहतो, पण लक्ष्याजवळची चूक 0.85 च्या आसपास उतरते. याउलट चौरस 60 मिलिमीटरचाच ठेवून प्रत्येक कोपऱ्यावर खुणा दुप्पट केल्या, म्हणजे एकूण आठ केल्या, तर पडद्यावरचा आकडा वाढून 0.87 होतो आणि लक्ष्याजवळची चूक कमी होऊन 1.03 होते. पडद्यावरचा आकडा बिघडला, पण शस्त्रक्रिया अधिक अचूक झाली. फिट्झपॅट्रिक यांनी 2009 मध्ये आणखी पुढे जाऊन दाखवले की एखाद्या रुग्णाच्या जुळवणीत पडद्यावर दिसणारी तफावत आणि लक्ष्याच्या जागची चूक यांचा परस्परसंबंधच नसतो.

विद्यार्थ्यांना हे सूत्र फळ्यावर सिद्ध करून दाखवा, त्यानंतर संगणकावर हजारो वेळा यादृच्छिक चुका मिसळून तपासायला लावा आणि शेवटी लेगोवर मोजायला लावा. तिन्ही आकडे जवळपास आले की त्या विद्यार्थ्याला या क्षेत्राचा पाया कळला असे समजावे. यासाठी तीन आठवडे गेले तरी ते सत्कारणी लागतील.

इतर प्रयोग थोडक्यात सांगतो. जिलेटिनमध्ये इसबगोल मिसळून गोठवले तर सोनोग्राफीत ते शरीरातील उतीसारखे दिसते, आणि आत द्राक्ष ठेवले की सुईचा नेम तपासायला लक्ष्य मिळते. सोनोग्राफीचे यंत्र जवळच्या रुग्णालयात काही तासांसाठी वापरायला मिळू शकते. दृश्य पडद्यावर येण्यास लागणारा उशीर मोजण्याचा प्रयोगही अवश्य ठेवा, कारण उपकरण सेकंदाला 50 मिलिमीटर वेगाने फिरत असेल आणि दृश्याला 100 मिलिसेकंद उशीर होत असेल, तर पडद्यावरचे टोक खऱ्या टोकाच्या 5 मिलिमीटर मागे असते.

प्रश्न : मी पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी येतात, एक शस्त्रक्रिया पाहतात आणि काही महिन्यांनी असे एखादे यंत्र घेऊन येतात की जे आमच्या कोणत्याच अडचणीवर लागू पडत नाही. त्यांची कळकळ खरी असते, म्हणून वाईट वाटते. त्यांना उपयोगी मार्गदर्शन कसे करावे? (कोल्हापूर)

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न या साऱ्या शिक्षणातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. एका भेटीत विद्यार्थ्याला फक्त नवलाई दिसते. भूल, हिरवे कपडे, पडद्यावरचे तांबडे-पिवळे दृश्य यांत तो हरवतो, आणि परत जाताना जी कल्पना त्याच्या मनात आधीपासून होती तीच घेऊन जातो. त्यामुळे त्याला एकाच प्रकारची शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा पाहू द्यावी आणि प्रत्येक वेळी एकच काम द्यावे. एकदा त्याने फक्त आपण कितीदा आणि का थांबलात याची वेळेसह नोंद करावी. पुढच्या वेळी दुर्बिणीची काच पुसायला किती वेळा बाहेर काढली ते लिहावे. त्यानंतर कॅमेरा धरणाऱ्या सहायकाला आपण कोणत्या सूचना दिल्यात ते टिपावे. अशा नोंदींतून जी गरज पुढे येते ती बहुधा साधी असते, पण खरी असते. यंत्रमानवाचे स्वप्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला धुके धरणाऱ्या काचेचा प्रश्न सुरुवातीला क्षुल्लक वाटतो. आपल्याला मात्र तो रोज भेडसावतो.

गरज ठरली की विद्यार्थ्याने आपल्याकडून काही गोष्टी आकड्यांत मिळवल्या पाहिजेत, आणि त्या देण्यासाठी आपण वेळ काढावा अशी माझी विनंती आहे. किती मिलिमीटरपर्यंतची चूक चालेल? यंत्र मांडायला किती मिनिटे देता येतील? ते निर्जंतुक भागात असेल की बाहेर? वीज गेली किंवा यंत्र बंद पडले तर शस्त्रक्रिया त्याच्याशिवाय पुढे नेता येईल का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला महाविद्यालयात बसून मिळणार नाही. पीएलए प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करून आणलेले सुंदर मार्गदर्शक साधन वाफेने निर्जंतुक करणाऱ्या 121 अंश सेल्सिअसच्या ऑटोक्लेव्हमध्ये वाकडे होते, कारण हे प्लॅस्टिक 60 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. निर्जंतुकीकरण कसे करता, हे कोणी पहिल्या दिवशी विचारले असते तर साहित्याची निवडच बदलली असती.

ज्या ठिकाणी हे सहकार्य फळाला आले, तिथे अभियंते आणि सर्जन यांच्यातील अंतरच कमी केले गेले होते. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या आवारात जाक मारेस्को यांनी 1994 मध्ये इर्काड ही संस्था स्थापन केली. सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबुर्गमधील रुग्णाचे पित्ताशय यंत्रमानवाच्या साहाय्याने काढण्यात आले, ती शस्त्रक्रिया याच गटाची. आपल्याकडे आयआयटी मुंबईत 2014 मध्ये बेटिक हे वैद्यकीय उपकरणांसाठीचे केंद्र सुरू झाले आणि नागपूरच्या व्हीएनआयटी व पुण्याच्या सीओईपी या संस्थाही त्यात सहभागी झाल्या. डॉक्टरांनी अडचण मांडायची आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर बसून तिच्यावर काम करायचे, अशी शिबिरे या केंद्राने भरवली आहेत. आपल्या शहरातील एखाद्या महाविद्यालयाने दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या थिएटरमध्ये दोन विद्यार्थी पाठवण्याची व्यवस्था केली, तर त्यासाठी मोठ्या केंद्राची वाट पाहावी लागणार नाही. रुग्णाची संमती, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि चित्रफितींतून रुग्णाची ओळख काढून टाकणे, या गोष्टी मात्र पहिल्या भेटीपूर्वीच पूर्ण झालेल्या असाव्यात.

प्रश्न : माझ्या आईचे पित्ताशय दुर्बिणीने काढायचे ठरले आहे. संगणकीय मार्गदर्शन असलेले रुग्णालय शोधावे का? (ठाणे)

उत्तर : नाही, त्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नका. जर्मनीत एरिक म्युहे यांनी 1985 मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम केली आणि भारतात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ती 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ती नित्याची आहे, आणि तिच्यात दुर्बिणीचा कॅमेरा हेच सर्जनचे मार्गदर्शन असते. अभियंत्यांनी जोडलेली ट्रॅकिंग यंत्रणा प्रामुख्याने मेंदू, नाक-कान-घसा आणि हाडे यांच्या शस्त्रक्रियांत उपयोगी पडते, कारण हाड, आणि मेंदूभोवतीची कवटीही, आकार बदलत नाही. पित्ताशयाच्या बाबतीत खरी काळजी पित्तनलिकेला इजा होऊ न देण्याची असते. त्यासाठी कापण्यापूर्वी कोणत्या रचना स्पष्ट दिसल्याच पाहिजेत, याचा 1990 च्या दशकात मांडला गेलेला आणि जगभर स्वीकारला गेलेला निकष सर्जन पाळतात. काही ठिकाणी इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य शिरेतून देऊन अवरक्ताजवळच्या प्रकाशात पित्तनलिका उजळलेली पाहण्याची सोय असते. ती असल्यास चांगले, पण अनुभवी सर्जन अधिक महत्त्वाचा.

प्रश्न : संगणकशास्त्र शाखेत अंतिम वर्षाला आहे. यकृतासारख्या मऊ अवयवावर सीटीची प्रतिमा बसवणे अवघड असते असे वाचले. डीप लर्निंगने हा प्रश्न सुटेल का? त्यावर प्रकल्प करावा का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : प्रकल्प जरूर करा, पण आधी अवघडपणा कुठे आहे ते नीट पाहा. सीटी काढताना पोट सपाट असते. शस्त्रक्रियेत ते कार्बन डायऑक्साइडने साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने फुगवतात, त्यामुळे यकृताची जागा आणि आकार दोन्ही बदलतात. श्वासाबरोबर यकृत वरखाली होते, आणि हे हलणे सेंटिमीटरच्या घरात असते. सर्जन त्याला बाजूला सारतो, कापतो. दुर्बिणीला त्याचा फक्त पुढचा पृष्ठभाग दिसतो, आणि गाठ असते आत. पृष्ठभाग जुळला तरी आतला भाग कसा वाकला हे ठरवायला उतींच्या लवचीकतेचे यांत्रिक प्रतिरूप लागते. डीप लर्निंग पृष्ठभाग ओळखायला, कडा शोधायला आणि ही गणना जलद करायला मोठी मदत करते. मात्र गाठ खरोखर कुठे होती याचे खात्रीशीर मोजमाप शस्त्रक्रियेच्या वेळी क्वचितच उपलब्ध असते, आणि ज्याच्याशी ताडून पाहायचे तेच नसेल तर कोणतीही पद्धत किती बरोबर आहे हे सांगता येत नाही. त्यामुळे तुमच्या प्रकल्पातील निम्मी मेहनत पडताळणीच्या रचनेवर खर्च व्हावी. मोजता येतील असे मणी आत बसवलेला सिलिकॉनचा अवयव तयार करून तो दाबून, वाकवून तपासणे हा पदवीच्या पातळीवर शक्य असलेला मार्ग आहे.

पहिला सराव म्हणून चित्रफितींवर काम करणे सोयीचे आहे. स्ट्रासबुर्गच्या गटाने संशोधनासाठी उपलब्ध करून दिलेल्या चोलेक-80 या संचात पित्ताशयाच्या 80 शस्त्रक्रियांच्या चित्रफिती आहेत, आणि शस्त्रक्रियेचा टप्पा व दिसणारी उपकरणे यांच्या नोंदीही आहेत. त्या वापरताना एक पथ्य कटाक्षाने पाळा. एकाच शस्त्रक्रियेच्या चित्रफितीतील काही चौकटी (फ्रेम) संगणकाला शिकवण्यासाठी आणि काही तपासण्यासाठी कधीही वाटू नका. विभागणी रुग्णाप्रमाणे करा. शेजारच्या दोन चौकटी जवळजवळ सारख्याच असतात, त्यामुळे त्या दोन्हीकडे गेल्या तर अचूकता फार चांगली दिसते आणि नव्या रुग्णावर ती कोसळते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत हा दोष वारंवार आढळतो आणि परीक्षकही तो विचारत नाहीत, याचे मला मनापासून दुःख होते.

प्रश्न : मुलाला या क्षेत्रात जायचे आहे. गणित आणि प्रोग्रामिंग याशिवाय नोकरीसाठी काय लागेल? (नाशिक)

उत्तर : वैद्यकीय उपकरणांचे नियम माहीत असणे लागेल. भारतात वैद्यकीय उपकरणे नियम 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले, आणि एप्रिल 2020 पासून उपचारासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत आले. जोखीम व्यवस्थापनासाठी आयएसओ 14971 आणि वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठी आयईसी 62304 ही मानके जगभर पाळली जातात. कोणती चूक झाली तर रुग्णाचे काय होईल, ती होण्याची शक्यता किती आणि ती कशी रोखली, हे लेखी मांडण्याची सवय ज्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातच लागली आहे, तो कंपनीत लवकर रुळतो.

प्रश्न : आम्ही हा विषय गेल्या वर्षापासून शिकवतो. लेखी परीक्षेत मुले व्याख्या पाठ करून लिहितात, आणि प्रकल्पात यंत्र चालले की गुण द्यावे लागतात. विद्यार्थ्याला खरोखर समजले आहे की नाही, हे तपासण्याची एखादी पद्धत सुचवाल का? (कराड)

उत्तर : आपली तक्रार योग्य आहे. यंत्र चालले याला गुण दिले की विद्यार्थी ते ज्या एका जागी चालते तीच जागा दाखवायला शिकतो. मी सुचवतो ती परीक्षा प्रयोगशाळेतच घ्यावी. बंद खोक्यात एक लक्ष्य ठेवा, खोक्याच्या बाहेरच्या बाजूला खुणा लावा आणि लक्ष्याचे व खुणांचे प्रतिरूपातील स्थान विद्यार्थ्याला द्या. खुणा टिपण्याआधी त्याने स्वतःच्या उपकरणाच्या मोजमापांवरून लक्ष्याच्या जागी किती चूक अपेक्षित आहे, ते कारणांसह लिहून द्यावे. कोणत्या खुणा वापरणार आणि कोणत्या सोडणार, याचाही निर्णय त्याने तेव्हाच करावा. मग त्याने जुळवणी करून सुई लक्ष्यापर्यंत न्यावी, आणि खोके उघडून प्रत्यक्ष चूक मोजावी. हे अनेक वेळा, लक्ष्याची जागा बदलून करावे, कारण एकाच नेमावरून काहीच ठरत नाही.

गुण लहान चुकीला देऊ नयेत. ज्याने तीन मिलिमीटरचे भाकीत केले आणि ज्याच्या चुका तीनच्या आसपास आल्या, त्याला पूर्ण गुण द्यावेत. ज्याने अर्ध्या मिलिमीटरचा दावा केला आणि जो दोन मिलिमीटर चुकला, त्याला कमी द्यावेत, जरी त्याची सुई पहिल्यापेक्षा लक्ष्याच्या जवळ पोचली असली तरी. यावर वर्गात वाद होईल, तो होऊ द्यावा. थिएटरमध्ये सर्जनला चूक किती असू शकेल हे आधी माहीत असेल, तर तो सुरक्षित अंतर ठेवू शकतो, दुसरा मार्ग निवडू शकतो किंवा पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करू शकतो. चूक किती असेल याचा अंदाजच खोटा असेल, तर यांपैकी काहीही करण्याचे कारण त्याला दिसत नाही. शक्य असल्यास या परीक्षेला एखाद्या सर्जनला परीक्षक म्हणून बोलवावे आणि एवढी चूक असताना तुम्ही ही सुई आत घालाल का, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याच्या आकड्यांवर त्यांना विचारू द्यावा.